प्लेटच्या पोटाखालून सरकणारा दगड

झरी जामणीकडच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचो आणि माझा मित्र विज्ञान. दोघांत भाड्याची एक खोली, एक चूल. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीने गेलेल्या पऱ्हाट्या लोक उपटून टाकत, त्याच आम्ही जाळायचो. भाकरी तो थापायचा. माझी भाकरी पाहून म्हणायचा, "हा तर नकाशा झाला, सर. तुम्ही भांडे घासा."

एकदा आम्ही नववीची पोरं जंगलातले दगडी खांब पाहायला नेली. लाव्हा थिजताना तडकतो आणि असे पाच-सहा कोनांचे खांब होतात. एका मुलीने विचारलं, "आग इथंच खाली होती काय, सर?"

"बरोबर पायाखाली," मी म्हणालो.

मित्र म्हणाला, "तसंच असंल असं नाही. लय खोलातून वर आलेला तापलेला दगड प्लेटला, म्हणजे जमिनीच्या जाड कवचाला अडते, मग तिच्या खालून आडवा दूरवर सरकते. जिथं प्लेट पातळ, तिथं वितळून वर येते."

पोरांसमोर चूक निघाली, हे मला झोंबलं. तो तांड्यावरचा; त्याचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलखभर फिरलेले. मी म्हणालो, "तुमच्या बापजाद्यांनी बैल हाकले, म्हणून तुम्हाले दगडही हिंडतानी दिसते काय?"

पोरं खो खो हसली. तोही हसला, पण परतीच्या वाटेवर पोरांच्या मागून एकटाच चालला.

संध्याकाळी चूल पेटवून त्याने वर बोट दाखवलं. धूर सरळ वर गेला, उतरत्या छपराच्या टिनाला अडला, टिनाखालून सरकत उंच बाजूला गेला आणि तिथल्या फटीतून बाहेर पडला. "दगड लय सावकाश वाहते," तो म्हणाला, "पण वाट अशीच."

मला पटलं. वर्गात मात्र मी ते सांगितलं नाही. पुढे माझी उमरखेडला बदली झाली.

यंदा त्या पोरांनी आम्हा दोघांना त्याच शाळेत बोलावलं. आता त्यांचेही केस पिकायला लागलेत. एकाने अगदी प्रेमाने तो बैलांचा विनोद सांगितला आणि सगळे हसले. मी उठलो. म्हणालो, त्या दिवशी खांबांपाशी हे सर बरोबर होते, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आणि ज्याला तुम्ही विनोद म्हणता, ते मी त्यांना हिणवलं होतं.

मित्राने हात धरून मला खाली बसवलं.

"काहून रडून राह्यला, बुढ्या? पोरं घाबरली न."

मग त्याने खडू मागितला, आणि पोरांना पुढच्या बाकांवर यायला सांगून फळ्यावर प्लेट काढायला घेतली.