न पाहिलेलं क्राकूफ

खराडीच्या ऑफिसनं मला दोन आठवड्यांसाठी पोलंडमधल्या क्राकूफ शहरात पाठवलं, तेव्हा बायकोही बरोबर येणार होती. पण तिच्या शाळेत दहावीचे पेपर तपासायला आले आणि तिला रजा मिळाली नाही. ती इतिहास शिकवते. जुने चौक, राजवाडे, बुरूज हा तिचा प्रांत. म्हणजे ज्याला कळतं त्याला रजा नाही आणि ज्याला कळत नाही तो विमानात. मला फार अपराधी वाटलं. निघताना मी म्हणालो, "तुझ्याशिवाय तिथलं काही बघणार नाही मी. बघू ते दोघं मिळून."

उत्तरपत्रिकेवरून मान न उचलता ती म्हणाली, "बरं. स्वेटर घेतलात का?"

तिला बोलवतही नाही इतकं लागलंय, असा मी अर्थ काढला.

नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थाला तोंड लावायचं नाही, अशा घरात मी वाढलो. शहराच्या बाबतीतही मी तेच धोरण ठेवलं. अडचण एवढीच, की हॉटेल ऐन जुन्या चौकाजवळ होतं. रोज मी खाली मान घालून चौक ओलांडत असे. तिथल्या फरशीचा माझ्याइतका अभ्यास कुणी केला नसेल. एकदा मी उभ्या घोडागाडीला धडकलो. घोड्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही.

चौकातल्या चर्चच्या उंच मनोऱ्यावरून दर तासाला एक जण तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तुटतो. ते कानावर पडायचंच. प्रतिज्ञेत कानांचा उल्लेख नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तिथल्या ऑफिसातल्या एक वयस्कर बाई मला शहर दाखवायला उत्सुक होत्या. पहिल्या शनिवारी मी डोकेदुखी सांगितली, दुसऱ्या शनिवारी पोटदुखी. त्या बिचाऱ्या डबाभर गरम सूप घेऊन हॉटेलवर आल्या. ठणठणीत पोटानं मी ते सगळं प्यायलो. आता माझ्या डोक्यावर दोन बायकांचं पाप होतं.

डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, बायकोनं बरोबर दिलेल्या चकल्या त्यात भरून मी चौकात त्यांना भेटायला गेलो. त्या चकली चाखत होत्या, तेवढ्यात तुतारी वाजली, सूर तुटला, आणि माझी मान आपोआप वर गेली. मनोऱ्याच्या इवल्याशा खिडकीतून तुतारीवाल्यानं हात हलवला. मीही हलवला. मग खिडकी बंद झाली.

त्यानंतर मला आवरता आलं नाही. सहा तासांत मी टेकडीवरचा राजवाडा पाहिला, नदीकाठचा आग ओकणारा धातूचा राक्षस, म्हणजे ड्रॅगनचा पुतळा, दोनदा पाहिला. "पोट बरं दिसतंय," बाई म्हणाल्या. फोटो मात्र एकही काढला नाही. पुरावा नको.

कोथरूडला घरी पोचलो. बायकोनं विचारलं, "काय काय पाहिलंत?"

"काहीच नाही. सांगितलं होतं ना."

ती पाठ वळवून माझी बॅग रिकामी करू लागली. तिचं मन भरून आलं असावं, असं मला वाटलं.

येता-जाता काढलेले फोटो तरी असतीलच, असं धरून रविवारी तिनं पॅटिस केले आणि शेजारच्या काका-काकूंना फोटो बघायला बोलावलं. टीव्हीला फोन जोडायची वायरसुद्धा तिनं आणून ठेवली होती. फोटो नाहीत हे कळल्यावर काका म्हणाले, "अहो, मग गेला होतात कशाला? ऑफिस खराडीतही आहे की."

बायकोचा चेहरा उतरला. वेळ निभावून न्यावी म्हणून तीच पुस्तकातलं सांगू लागली. "तिथं एक तुतारीवाला असतो. फार पूर्वी शत्रू आल्याचा इशारा देताना एकाच्या गळ्यात बाण घुसला म्हणे. म्हणून अजूनही सूर मध्येच तोडतात आणि खिडकी लावून घेतात."

"आधी हात हलवतो," मी म्हणालो. "मग खिडकी लावतो."

काकांनी पॅटिस खाली ठेवला. "डोळे मिटूनही बरंच दिसलं तुम्हाला."

मग मी सगळं कबूल केलं. घोडा, डोकेदुखी, सूप, चकल्या, राक्षस दोनदा.

"आणि फोटो का नाही काढलेत?" बायकोनं विचारलं.

"तू येईपर्यंत ते उष्टं होऊ नये म्हणून."

"शहर म्हणजे शिरा आहे का, उष्टा व्हायला? दोन आठवडे पेपर तपासताना मला एकच वाटत होतं, हे येतील आणि सांगतील. आणि तुम्ही काय आणलंत? काहीच नाही."

क्षमा मागायला मी तोंड उघडलं.

"ते नको. सांगा आता. चौकात शिरल्यापासून."

मी फरशीपासून सुरुवात केली. फरशीचं तिनं पुरतं ऐकून घेतलं. तुतारीपाशी आल्यावर म्हणाली, "सूर कसा होता?"

मी शीळ घालून दाखवली आणि जिथं तुटतो तिथं थांबलो.

"चारही दिशांना वाजवतात ना? तीन राहिल्या."

मी उठलो. एकदा स्वयंपाकघराकडे तोंड करून शीळ घातली, एकदा काकांकडे. शेवटची खिडकीतून. खालून वॉचमननं वर पाहिलं. मी त्याला हात हलवला आणि खिडकी लावून घेतली.