सूर्यावरचा डाग

"बाई, दुर्बिणीवरचा हात काढा. पूजा व्हायची आहे."

खंडेनवमीचा दिवस. शाळेचं पटांगण. समोर माह्या नववीची लेकरं, मागं त्याईचे मायबाप. बोलणारे संस्थेचे सचिव. वकील माणूस, घराण्यात भिक्षुकी.

मी हात काढला. सचिवांनी तांब्यातलं पाणी घेतलं आन् जिथं माहा हात होता, नेमकं तिथं शिंपडलं. मग फडक्यानं पुसलं. "तुमच्यात पूजाबिजा नसते ना," म्हणाले. "मग मागं थांबा."

आमी बौद्ध. अकोल्याच्या जुन्या शहरातले. चांदूर बाजारकडच्या या शाळेत मी करारावर विज्ञान शिकवत होती. मी मागं थांबली. राग आला म्हणून सांगितलं तर लबाडी होईल. काहीच वाटलं नाही. लेकरं पाहून राहिली होती आन् मी पायातल्या चपलेकडं पाहत होती.

ती दुर्बीण कपाटात कुलपात पडून होती. मी काढली, काचा साफ केल्या, दोन महिने, उघडीप असली का, लेकरायले सूर्य दाखवला. थेट पाहायचं नाही, डोळा जातो. दुर्बिणीमागं पांढरा कागद धरायचा. त्यावर सूर्य वाटीएवढा उतरतो. त्याच्यावरचे काळे डाग पेन्सिलनं टिपायचे, रोज एकाच वेळेले. डाग दिवसादिवसानं सरकले तवा पोट्टे म्हणाले, "म्हणजे सूर्यबी सोताभोवती फिरते." मी सांगितलं नव्हतं. त्याईनंच शोधलं. त्या दिवशी घरी जाऊन मी आनंदानं रडली होती.

खंडेनवमीले सचिवांनी डोळा लावायची काच नळीतून काढली, ताटात ठेवली आन् दोन्हीकडून हळदकुंकवाचं बोट टेकवलं. आपल्याकडं ट्रॅक्टर असो का शिलाई मशीन, पूजा अशीच होते. काच तशीच परत बसवली. कागदावर सूर्य उतरला. त्यात एक ठसठशीत काळा ठिपका.

"पाहा मुलांनो, सूर्यावरचा डाग," सचिव म्हणाले.

पालकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढं बसलेली एक पोट्टी उठली. बाप तिचा बाजारात सायकली दुरुस्त करते. ती म्हणाली, "सर, सूर्य कागदावरून सरकून राहिला. हा डाग काहून जागीच हाय?"

बरोबर होतं तिचं. पृथ्वी फिरते म्हणून कागदावरचा सूर्य हळूहळू सरकते; डाग सूर्यावरचा असता तर त्याच्यासंगं सरकला असता. हा डाग काचेवरच्या कुंकवाचा होता. जन्मभर पुरावे तपासणाऱ्या वकिलाले जे दिसलं नाही, ते तिले दिसलं.

"खाली बस," सचिव म्हणाले. "मोठ्यांच्या चुका काढायला शिकवतात का इथे?" मग माह्याकडं वळले. "बाई, सगळ्यांच्या वहीत लिहून घ्या. आज सूर्यावर मोठा डाग दिसला."

पोट्टी बसली. वही उघडली, पेन्सिल धरली आन् माह्याकडं पाहत राहिली. मी मान हलवली असती तर तिनं लिहिलं असतं. पुन्हा कधी उठून काही विचारलं नसतं. मले ते पक्कं ठाऊक होतं, कारण तिच्या वयात मीबी असंच एकदा चुकीचं लिहून घेतलं होतं आन् मग कधी काही विचारलं नव्हतं. पाणी शिंपडलं तवाचा अपमान माह्यापुरता होता. तो मी गिळला. हा तिचा होता, तो गिळता येत नव्हता.

मी पुढं गेली. काच काढली, रुमालानं पुसली, परत बसवली. ठिपका गेला.

"आता पुन्हा पूजा करावी लागेल," सचिव म्हणाले.

"करा," मी म्हटलं. "मी पुन्हा पुसीन."

आवाज चढला नाही.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात सचिवांनी माह्यासमोर माफीपत्र ठेवलं. टाईप केलेलं, खाली फक्त सही पाहिजे होती. सही केली तर करार चालू, नाही केली तर संपला. मी कागद पलटवला आन् मागच्या कोऱ्या बाजूले लिहिलं: डाग काचेवर होता, सूर्यावर नव्हता. ही चूक नववीतल्या विद्यार्थिनीनं पकडली. तिचं पूर्ण नाव लिहिलं. खाली माही सही केली.

नोकरी गेली. दुसरी शोधून राहिली. तिथंबी असा कागद समोर आला, तर असाच पलटवीन.