तारामती काकूंची उगवण चाचणी

तारामती काकूंचा कोणावरच विश्वास नव्हता, माझ्यावर तर मुळीच नाही. औशाच्या या बाईंनी वीस वर्षं वही घेऊन लग्नं जुळवली. आता त्यांची वधू-वरांची वेबसाइट आहे, तिच्यावर नऊशे मुलींची माहिती आहे, आणि ती सांभाळायचं काम लातूरच्या माझ्या दुकानाकडे आहे. भाजीवालीनं आपणहून मोठी जुडी दिली तरी बाई ती उलटीसुलटी करून बघणार. मला वैताग यायचा.

त्या दिवशी सकाळच्या एसटीनं येऊन त्या माझ्यासमोर बसल्या. "दया, तीन पोरींच्या बापांचे फोन आले. कोण कुठले रिकामटेकडे पोरींना फोन करायलेत. नंबर आपल्याकडूनच फुटला."

"काकू, वेबसाइटला पासवर्ड आहे!" मी चिडलोच. "पोरीच नंबर देतात आणि घरी सांगत नाहीत."

हे मी घरच्या अनुभवावरून बोलत होतो. माझ्या बहिणीला, पुनमला, आठवडाभर असेच फोन येत होते. कालच मी तिला फैलावर घेतलं, रडली तरी मोबाइल काढून घेतला. तो माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता.

"वेबसाइटला पासवर्ड हाय, पण ती बुडाली तर दुसरी प्रत हाय म्हणला होतास. ती कुठं हाय?"

"बॅकअप रोज होतो. इंटरनेटवर जागा घेतलीय, फुकटात."

"फुकटात?" काकूंनी चष्मा सारखा केला. "काढून दाखव. बियाण्याच्या पिशवीवर काय बी छापलेलं असतंय. आम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते बघतो, मगच पेरतो."

मी कॉम्प्युटरकडे वळलो, तर त्यांनी अडवलं. "तुझं तुला उघडतंयच. माझ्या फोनवर दाखव."

मी लिंक पाठवली. आता पासवर्ड मागेल, मग बाईंना चांगलं सुनावू, असं मनात होतं. पासवर्ड मागितलाच नाही. सगळ्या फाइली धडाधड उघडल्या. लिंक असेल त्याला दिसेल अशी ती जागा मीच करून ठेवली होती, खटपट नको म्हणून. लिंक फोटो नीट करणाऱ्या दोघांना पाठवली होती. त्यांनी पुढे कोणाकोणाला दिली, देव जाणे.

काकू बोटानं यादी सरकवत गेल्या आणि थांबल्या. हिरव्या साडीतली पुनम, जन्मतारीख, खाली मोबाइल नंबर. माहिती मीच भरलेली होती.

ती जागा मी तिथल्या तिथे पुसली. तिन्ही बापांना फोन करून चूक कबूल केली. काकू शेजारी बसून ऐकत होत्या. मग नवी सोय त्यांनीच लावली: एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, महिना पाचशे रुपयांत, आणि एक हार्ड डिस्कवर, हिमायतनगरला त्यांच्या भावाच्या कपाटात. दोन्हींना पासवर्ड. तो टाकताना त्यांनी मला पाठ फिरवून उभं केलं. दर महिन्याला त्या दहा नावं सांगणार आणि ती प्रतीतून काढून बघणार.

इतक्यात ड्रॉवर थरथरला.

"कोणाचा फोन हाय?"

"पुनमचा."

"तिचा फोन तुझ्याकडं कशाला?"

मी ड्रॉवर उघडून मोबाइल खिशात टाकला. घरी गेलो आणि मोबाइल पुनमच्या पुढ्यात ठेवला. तिनं हातसुद्धा लावला नाही.

"आता अजून काय विचारायचंय? नंबर कोणाला दिला म्हणून?"

"नंबर मी दिला होता," मी म्हणालो.