मळवट भरलेला पीस

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसणारच तुम्ही, पण चहाचा घोट तोंडात असताना तरी हसू नका!

आमची फौंड्री उद्यमबागेत. सैन्याच्या जुन्या जीपगाड्या आता थकल्यात, त्यांच्या जागी नव्या हलक्या गाड्या यायच्यात. त्या गाडीच्या चाकाजवळ बसणारा एक पार्ट ओतून दाखवायचा मान आम्हाला मिळाला. सहा वेळा फसलो, सातव्यांदा जमला. तो एक पीस तपासणीच्या साहेबांनी पास केला की काम आमचं, नाहीतर गेलं दुसऱ्याकडं. आणि तो पीस सांभाळायचा कुणी? मी!

मध्येच आली खंडेनवमी. सगळ्या मशिनींची पूजा झाली, पण माझी भक्ती काही आवरेना. सैन्याच्या गाडीचा पार्ट, त्याला नको होय पूजा? हळद लावली, अक्षता वाहिल्या आणि ओल्या कुंकवाचा असा मळवट भरला की पीस लालेलाल. टेबलावर वाळत ठेवला आणि घरी गेलो.

आता आमच्यात लाल म्हणजे काय ठाऊक आहे? बाद माल! लाल फासलेला पीस दिसला की उचलून भट्टीत, परत वितळायला. तो लाल रंग फासायचं काम बारा वर्षं मीच करतोय. त्या दिवशी आठवेल तर शपथ!

दसऱ्याची सुट्टी संपली. साहेब दारात आणि टेबल रिकामं. भट्टीवर आमचे वयस्कर आप्पा असतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "लाल हुता, उचलून नेला."

पुढं बोलू देईन तर ना! सगळ्यांदेखत मी त्यांच्यावर तोंड सोडलं. डोळे हैत का न्हाईत, सगळ्यांच्या मेहनतीची माती केलीसा, वाट्टेल ते बोललो. मालक डोकं धरून खाली बसले.

आप्पांनी आपली डब्याची पिशवी उघडली. टॉवेलात गुंडाळलेला पीस काढून माझ्या हातात ठेवला.

"टाकणारच हुतो भट्टीत. पण बाद मालाला अक्षता कोण वाहतंय रं?"

मी तिथंच त्यांचे पाय धरले. पीस धुऊन पुसून साहेबांपुढं ठेवला, आणि पास झाला! आज आमच्या दोन पाळ्या चालतात त्या ह्या माणसामुळं. त्यांचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत.

यंदाच्या खंडेनवमीला मला कुणी कुंकवाला हात लावू दिला नाही. उलट आप्पांनीच माझ्या कपाळावर हा एवढा टिळा ओढला. मी पाया पडायला वाकलो, तर खांदा धरून म्हणाले,

"थांब, अक्षता लावू दे आधी. न्हायतर बाद माल म्हणून उचलून न्हेतील तुला."