बुवांच्या वहीत नसलेली चाल

पालघरच्या वाचनालयात काल एक जुनी वही उघडली आणि बुक्क्याचा वास आला. पालघरजवळच्या माहीमच्या आमच्या भजनीबुवांची ती वही. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘बुवांनी आनंदाने भेट दिली.’ हे साफ खोटे आहे. कित्येक वर्षांपूर्वी याच टेबलाशी त्यांनी ती आधी माझ्यापुढे धरली होती.

“शब्द वहीत हायत, चाल नाय. चार दिस ये, शिकून घे.”

“बुवा, माझ्या स्वतःच्या चाली पुष्कळ आहेत.”

बुवांनी वही ग्रंथपालांकडे सरकवली. माझे उत्तर तेव्हा मला स्वाभिमानाचे वाटले होते.

काल मी हे सगळे सांगितल्यावर आताच्या ग्रंथपाल मुलीने विचारले, “मग काका, ती चाल आता कोणाला येते?”

“कोणालाच नाही. बुवा गेले, आणि चाल माझ्या नकारामुळे बुडाली, असे या चिठ्ठीवर माझ्या नावानिशी लिहा,” एवढे सांगून मी बाकावर बसलो.