अर्थिंगच्या खड्ड्याला घातलेलं पाणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. भाजीवाली जुडी उचलते तेव्हा माझा डोळा भाजीवर नसतो, तिच्या हातावर असतो.

ऐंशीच्या दशकात, रत्नागिरीत घरोघरी टीव्ही दिसायला लागले तेव्हा, मुंबईला नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याने टीव्ही आणि सोबत लोखंडी डब्यातला स्टॅबिलायझर पाठवला. तो हवाच होता. शेजारची भाताची गिरण सुरू झाली की आमचा बल्ब लाल व्हायचा आणि थांबली की भगभगायचा. घरात मी, सासूबाई आणि माझी तीन वर्षांची मुलगी.

वायरमन म्हणाला, "वहिनी, अर्थिंग नीट नसेल तर हा डबा एक दिवस कोणाला तरी धरील. घरात पोर लहान आहे." मग त्याने परसात गडग्याच्या दगडी कुंपणाजवळ कातळ फोडून खड्डा केला, त्यात डब्याच्या वायरला जोडलेली पट्टी पुरून कोळसा आणि मीठ भरलं. जाताना बजावलं, "जांभ्यात ओल राहत नाही, आणि ओलीशिवाय वीज जमिनीत उतरत नाही. पाऊस लागेपर्यंत रोज कळशीभर पाणी घाला."

मला तिथेच शंका आली. दहा किलो मीठ मागवलं होतं याने. त्यातलं निम्मं तरी त्याच्या पिशवीतून गेलं असणार, आणि आता पाणी घालायला सांगतोय, म्हणजे विरघळलं म्हणायला मोकळा. त्यात मे महिना, विहिरीचा तळ दिसत होता आणि आम्ही कळश्या मोजून पाणी वापरत होतो. "थेंबसुद्धा घालायचा नाही," मी सासूबाईंना सांगितलं.

पण रोज सकाळी त्या न्हाणीतून निघून कळशी घेऊन गडग्याकडे जायच्या आणि रिकामी घेऊन यायच्या. गडग्यापलीकडे शेजारणीची अबोली होती, आणि त्या दोघींचं मेतकूट मला ठाऊक होतं. आमचं पाणी तिच्या अबोलीला! मी दोन दिवस कळश्या मोजल्या. हिशेब बरोबर यायचा, त्यामुळे मी जास्तच चिडले. वर त्यांच्या अंगाला घामाचा वास यायला लागला होता. आंघोळीचा कंटाळा करतात, असं मी नवऱ्याला पत्रातही लिहिलं. संध्याकाळी टीव्ही बघताना मी माझी चटई लांब घालायचे.

पुढे सासूबाई आठ दिवस लेकीकडे आंजर्ल्याला गेल्या. सातव्या दिवशी दुपारी मुलगी हात धुऊन आली आणि ओल्या हाताने तिने डब्याला धरलं. ती ओरडलीसुद्धा नाही. हात झटकला गेला आणि तोंड उघडं टाकून ती माझ्याकडे बघत राहिली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मग ती रडली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

वायरमनला चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवूनच बोलावलं. डब्याच्या आत एक वायर पत्र्याला टेकली होती. ती त्याने नीट केली, आणि मग परसात जाऊन खड्डा उकरला. वरचं सगळं कोरडं ठणठणीत. हातभर खाली मात्र कोळसा ओलसर होता आणि त्यात मिठाचे खडे दिसत होते. तो म्हणाला, "आठवड्यापूर्वीपर्यंत कोणीतरी नेमाने पाणी घालत होतं, वहिनी. वायर केव्हापासून टेकली असेल देव जाणे. त्या पाण्यानेच सांभाळलं तुम्हाला."

सासूबाई दुसऱ्या दिवशी आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "खड्ड्यात पाणी घातलंस ना गो?"

"तुम्ही कुठलं घालत होतात?"

"माझ्या आंघोळीचं. म्हातारीला काय, फडकं ओलं करून अंग पुसलं की झालं."

मला रडू आवरेना. त्यांना वाटलं, माझ्या माहेरून काही वाईट कळलं. मी मुलीच्या हाताचं सगळं सांगितलं. पत्राचं मात्र आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी टीव्ही लागला तेव्हा मी माझी चटई त्यांच्या चटईला लावून घातली.