बादलीचा आवाज

कुणी लोखंडी बादली वाजवली की मला लासुर्ण्यातली आमची डुकरं आठवतात. बारा पिलांवर मी धंदा सुरू केला होता. हॉटेलातलं खरकटं उकळूनच घालायचं, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. एके दिवशी चूल काही पेटेना. "आजून गरम हाय की, घाल तसंच," वडील म्हणाले, आणि मीही मूर्खासारखं घातलं. पंधरवड्यात त्यातूनच आलेल्या साथीनं निम्मी मेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "उरलेलीही मारावी लागतील. तुम्हीच बोलवा, आमच्या हाताला लागायची नाहीत." उसाच्या कडेला खड्डा तयार होता, चुन्याचा वास सुटला होता. मी रोजच्यासारखी बादली वाजवली. सगळी धावत आली. आता म्हशी पाळतो. त्यांची बादली मात्र आवाज न करता ठेवतो.